वहीचे शेवटचे पान

परीक्षा संपल्या की घरोघरी एक काम ठरलेले असते. मुलांच्या वर्षभराच्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधावयाचा आणि रद्दीवाल्याच्या तराजूत घालावयाचा. यंदा हे काम माझ्याकडे आले, आणि सहज म्हणून मी नातवाच्या वह्या मागच्या बाजूने उघडून पाहिल्या. पुढची पाने आपणां सर्वांच्या परिचयाची: समास, तारीख, लाल शाईची खूण. शेवटच्या पानावर मात्र निराळेच जग वसले होते. चौकोनात चौकोन, त्यांच्या पोटात गोगलगाईच्या शंखासारखी फिरत गेलेली रेघ, पाच चाकांची एक बसगाडी, आणि गणिताच्या सरांचा असावा असा संशय येण्याजोगा एक चेहरा. ह्या शेवटच्या पानाला काही इतिहास आहे काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

प्रथम भाषेची साक्ष काढू. 'गिरवणे' हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. 'रेघोट्या ओढणे' हा दटावणीचा. वस्तुतः दोन्ही क्रिया एकाच हाताने, एकाच पेन्सिलीने, पुष्कळदा एकाच तासाला घडतात. एकीत दुसऱ्याने काढलेल्या रेषेवरून हात फिरतो, दुसरीत हात आपली रेषा आपण शोधतो. आपल्या शाळांनी पहिलीला मान दिला व दुसरीला छडी. मी ज्या शाळेत शिकलो तिथे महिन्याकाठी वह्यांची शेवटची पाने तपासली जात, आणि पान कोरे नसेल तर हात पुढे करावा लागे.

ह्या रेघोट्यांचा पुरावा आपल्या देशात मिळणे कठीण. आपली मुले पूर्वी धूळपाटीवर शिकली. पाटीवर धूळ पसरावी, बोटाने अक्षर काढावे, तळहात फिरवावा की सारे साफ. पुढे दगडी पाटी आली, तीही ओल्या फडक्याने पुसावयाची. कितीतरी पिढ्यांचे घोडे, हत्ती आणि मिशीवाले गुरुजी त्या फडक्यात गेले. इतिहासकाराला पुसलेली पाटी वाचता येत नाही.

रशियातील नोव्हगोरोद शहरी मात्र एका मुलाची अशी पाने हाती लागली. त्या गावची माती ओली व चिकण, तीत लाकूड आणि झाडाची साल शतकानुशतके कुजत नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालू असता भूर्जाच्या सालीचे काही तुकडे निघाले. तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या मुलाचे ते होते. वय सहासात वर्षांचे असावे असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते, त्या काळचा हा विद्यार्थी. एका तुकड्यावर त्याने कोपऱ्यात मुळाक्षरे लिहावयास घेतली आहेत. थोडी अक्षरे झाली आणि कंटाळा आला. मग उरलेल्या जागेत एक घोडेस्वार आला, त्याने पायाशी पडलेल्या शत्रूला भाला मारला आहे, आणि स्वाराच्या शेजारी नाव आहे ओन्फिम! दुसऱ्या तुकड्यावर लांब मानेचा, वळलेल्या शेपटीचा एक प्राणी असून, मी रानटी पशू आहे, अशा अर्थाचे शब्द त्याने वर लिहिले आहेत. त्याच्या माणसांचे हात दाताळ्यासारखे. कुठे तीन बोटे, कुठे पाच, कुठे त्याहूनही अधिक. साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे चित्र आणि माझ्या नातवाची पाच चाकांची बसगाडी ही एकाच कुळातली आहेत, हे सांगावयास पंडित नको.

आता आपल्या शाळेत चित्रकला कशी आली ते पाहू, कारण शेवटच्या पानाचे दैव तिथेच ठरले. १८५१ साली लंडनला जगातील कलाकौशल्याचे मोठे प्रदर्शन भरले. हिंदुस्थानातील विणकाम व नक्षीकाम पाहून लोक थक्क झाले, आणि ह्या कारागिरीला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड द्यावी असा विचार बळावला. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. हेतू उद्योगधंद्यांचा होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची पद्धत तिथे आली: आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग प्लॅस्टरच्या नमुन्यांवरून हुबेहूब नक्कल.

ह्या पद्धतीची निंदा करावयास मी उभा नाही. आपल्या जिल्ह्यावर तर तिचे ऋण आहे. १८७२ ते १८८५ ह्या काळात जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी मुंबईच्या त्या शाळेतील विद्यार्थी अजिंठ्याला आणून भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या होत्या, आणि ग्रिफिथ्स ह्यांच्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या उरल्या, त्यांत मूळ भिंतीवरून आज पुसट झालेला पुष्कळ भाग दिसतो. नक्कल करणाऱ्याचा हात असा शिस्तीचा नसता तर हे घडले नसते.

परंतु प्रौढ कारागिराची शिस्त आठ वर्षांच्या मुलाला लावली की काय होते? मुंबई इलाख्यात चित्रकलेच्या सरकारी परीक्षा सुरू झाल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्यांत पूर्वी एक विषय असे, 'मुक्तहस्त चित्र'. छापील नक्षी समोर ठेवावयाची आणि उजवी बाजू डावीशी तंतोतंत जुळवावयाची. हात मुक्त एवढ्यापुरताच की पट्टी वापरावयाची नाही! मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि तीच चौकट आपलीही झाली.

युरोपात तोवर वारे फिरले होते. १८८२-८३ च्या हिवाळ्यात कोर्रादो रिच्ची नावाचा इटालियन विद्वान पावसात सापडून बोलोन्या शहरातल्या एका कमानीखाली उभा राहिला. भिंतीवर मुलांच्या रेघोट्या होत्या. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून तो त्या पाहू लागला, आणि १८८७ साली मुलांच्या कलेवर त्याचे पुस्तक निघाले. दहा वर्षांनी व्हिएन्नात फ्रांत्स चिझेक ह्याने, मुलाला नमुना न देता चित्र काढू द्यावे, असा वर्ग उघडला. पुढे अमेरिकेत रोडा केलॉग ह्या बाईंनी मुलांची लक्षावधी चित्रे जमवून रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले. दीड-दोन वर्षांचे मूल ठिपके व फराटे काढते. मग रेघ फिरून स्वतःला मिळते व वर्तुळ होते. वर्तुळात फुली येते, बाहेर किरण फुटतात, तो सूर्य. त्यातले चार किरण राहिले की हात-पाय झाले, म्हणून मुलाच्या पहिल्या माणसाचे हात डोक्यातून निघतात. आपण ज्याला चूक म्हणतो ती पायरी असते.

आपल्या देशात ह्याचा मोठा दाखला रवींद्रनाथांचा. १९२४ साली अर्जेंटिनात असताना 'पूरबी'च्या हस्तलिखितात ते खोडलेल्या शब्दांवर रेघा ओढीत, आणि त्या खोडाखोडीतून पक्षी व विचित्र प्राणी उभे राहत. वय त्रेसष्ट! १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यांच्या शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवू लागले. म्हणजे नमुन्याविना चित्र ही गोष्ट वर्ध्यापर्यंत येऊन पोचली होती.

शहरातल्या शाळांत ती किती शिरली, हे ज्याने त्याने पाहावे. कोणत्याही मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगा. दोन टोकदार डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचे झाड. आपल्या भोवतालचे बहुतेक डोंगर सपाट माथ्याचे. नारळ इथे देवळात फोडण्यापुरता. खिडकीतून दिसणारा डोंगर न काढता कुणीतरी शिकविलेला डोंगर मूल काढते, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

रेघोट्यांनी अभ्यासातले लक्ष उडते, ही पालकांची तक्रार मी ऐकलेली आहे. इंग्लंडमध्ये जॅकी अँड्रेड ह्यांनी चाळीस माणसांना एक कंटाळवाणा टेलिफोन निरोप ऐकविला. निम्म्यांना ऐकता ऐकता छापील आकृत्या रंगवीत बसण्यास सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रंगविणाऱ्यांना २९ टक्के अधिक आठवले. ती माणसे प्रौढ होती आणि आकृत्या छापील होत्या, तेव्हा ह्या प्रयोगावर फार मोठा इमला उभारू नये. पण हात चालू म्हणजे कान बंद, हे तरी खरे नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर: आज वहीवर, उद्या भिंतीवर. दौलताबादच्या किल्ल्यात बाणाने विंधलेली हृदये आणि कोरलेली नावे आपण पाहिलीच आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव व तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग होता व तो त्यावर उभा होता. ढीग उपसला गेला, त्यामुळे आज ते नाव माणसाच्या हाताबाहेर उंच दिसते. हा मनुष्य प्रौढ होता, शिकलेला होता. ओन्फिमने नाव घातले ते आपल्या चित्राला, स्मिथने दुसऱ्याच्या.

आमचा गठ्ठा परवा रद्दीत गेला. नातवाच्या वहीचे ते शेवटचे पान मी त्याला विचारून काढून ठेवले आहे. पाचवे चाक कशाला, असेही विचारले. एक पंक्चर झाले तर, म्हणाला. पानावर तारीख नव्हती, ती त्याच्याकडून घालून घेतली.