सौभाग्यवतीसाठी मिटता चाकू

मराठी घरात जी धारदार उपकरणे परंपरेने नांदत आली, त्यांची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली होती. विळी स्वयंपाकघराची, म्हणजे स्त्रीची, अडकित्ता पानाच्या तबकाचा, म्हणजे ओसरीचा, कोयता शेताचा, आणि मिटता चाकू पुरुषाच्या खिशाचा. विळी प्रवासाला निघत नाही. ती पाटावर बसून, पायाखाली दाबून चालवावयाची वस्तू आहे. चाकू मात्र हिंडता-फिरता. मुंबईहून १९१२ साली सुरू झालेल्या पंजाब मेलने जी मराठी कुटुंबे पुढे दिल्लीस आली, त्यांच्या सामानात विळी असलीच तर वळकटीत गुंडाळलेली असे. पेरू चिरण्यासाठी लागणारा चाकू यजमानांच्या खिशातून निघे. (भुसावळची केळी आणि नागपूरची संत्री यांना चाकू लागत नाही, हा त्या फळांचा प्रवाशांवरील मोठाच उपकार होय.)

ही वाटणी आता राहिलेली नाही. नोएडाला किंवा गुरगावला कामावर जाणाऱ्या स्त्रीला डब्यातले सफरचंद कापावयाचे असते, पुडक्याची दोरी तोडावयाची असते, मुलाच्या पेन्सिलीला टोक करावयाचे असते. आपल्या पिशवीत एक छोटा मिटता चाकू असावा असे तिला वाटते, आणि वाढदिवसाच्या निमित्ताने तो निवडण्याचे काम पतीकडे येते. हे काम दिसते तितके सोपे नाही. दिल्लीत तर नाहीच. त्याचे कारण इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपले पूर्वजही गुंतलेले आहेत.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. 'सुरी' हा संस्कृत कुळातला शब्द, 'अडकित्ता' कानडीकडून आलेला, आणि 'चाकू' तुर्की-फारसीतून आलेला. फारसीत चाकूचा एक भाऊबंद आहे, 'कलमतराश', म्हणजे लेखणी तासणारा. आपल्याकडेही मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरूचे टोक वारंवार छाटावे लागे. छाट किती तिरपी घ्यावयाची आणि टोक किती रुंद ठेवावयाचे, यावर अक्षराचे वळण ठरत असे. इंग्रजांचा 'पेननाइफ' मुळात याच कामाचा, पिसाची लेखणी तासण्याचा. म्हणजे खिशातल्या छोट्या चाकूचे कूळ तलवारीशी किंवा कट्यारीशी जुळत नाही. ते दौत-लेखणीशी जुळते. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

लोखंडी टाक आले आणि बोरू मागे पडला. चाकू मात्र राहिला, कारण पेन्सिल आली. हिंदुस्थानात त्या काळी उत्तम चाकू म्हणजे विलायती चाकू. इंग्लंडातील शेफिल्ड हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. तेथील जोसेफ रॉजर्स या घराण्याचे चिन्ह, एक तारा आणि एक माल्टाचा क्रूस, १६८२ साली नोंदले गेलेले होते. याच रॉजर्सनी १८२२ साली हौसेखातर १८२२ पात्यांचा एक चाकू घडविला. त्याचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. याच गावी १९१३ साली हॅरी ब्रिअरली याने न गंजणारे पोलाद सिद्ध केले. आज आपण ज्याला स्टेनलेस म्हणतो ते हेच.

शेफिल्डच्या साध्या चाकूची रचना समजून घेतली पाहिजे, कारण दिल्लीतील सारा प्रश्न या रचनेवर येऊन ठेपतो. मुठीच्या पाठीशी एक पोलादी पट्टी असते. पाते उघडले किंवा मिटले की ही पट्टी त्याच्या बुडाला दाबून धरते. पात्याला नखासाठी एक खाच असते. तीत नख घालून दुसऱ्या हाताने पाते ओढावे लागते. पट्टी पाते धरून ठेवते, पण ते उघडत नाही. उघडावयाचे ते आपणच, दोन्ही हातांनी, सावकाश. खटक्याच्या चाकूत याच्या अगदी उलट होते: बटण दाबताच कमान पाते बाहेर फेकते. पहिला चाकू फळ चिरणाऱ्याच्या सोयीचा. दुसऱ्यात घाई आहे, आणि घाई फळाला नसते.

खटक्याच्या चाकूचे नाव आपल्या देशात एका गावाशी कायमचे जोडले गेले. ते गाव रामपूर, दिल्लीहून पूर्वेस, मुरादाबादच्या पुढे. आता हे रामपूर संस्थान कसे जन्मास आले ते पाहावे. पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे पुन्हा उत्तरेत उतरले. महादजी शिंदे, विसाजी कृष्ण बिनीवाले आणि रामचंद्र गणेश यांच्या फौजांनी १७७१ साली दिल्ली घेतली, १७७२ च्या आरंभी शाह आलम बादशहाला तख्तावर आणून बसविले, आणि लगेच रोहिलखंडाकडे मोर्चा वळविला. शुक्रतालला नजीबखानाचा मुलगा झाबेताखान याचा मोड झाला. पानिपताचा सल ज्यांच्या मनात होता त्यांनी नजीबाच्या मुलखात तो पुरेपूर काढला. घाबरलेल्या रोहिल्यांनी जून १७७२ मध्ये अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्याशी करार केला: मराठ्यांना घालवून द्यावे, मोबदला चाळीस लाख रुपये.

मराठे गेले, पण ते नबाबाच्या पराक्रमामुळे नव्हे. नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे निवर्तले आणि पुढे पुण्याचा कारभारच विस्कटला, तेव्हा फौजा दक्षिणेकडे वळल्या. रोहिल्यांचा सरदार हाफिज रहमतखान याने पैसे दिले नाहीत. शुजाने वॉरन हेस्टिंग्जकडून कंपनीची पलटण मागविली, आणि २३ एप्रिल १७७४ रोजी मीरनपूर कटऱ्याच्या लढाईत हाफिज रहमतखान मारला गेला. रोहिल्यांचे राज्य बुडाले. त्यांच्यापैकी फैजुल्लाखान तराईच्या जंगलाकडे मागे हटला आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तह करून एक तुकडा राखून बसला. तो तुकडा म्हणजे रामपूर. हे प्रकरण पुढे हेस्टिंग्जवर विलायतेत गाजले ते निराळेच. आपल्यापुरते सांगावयाचे तर, मराठ्यांना हाकलण्याच्या न फेडलेल्या बिलातून रामपूर संस्थान उभे राहिले, आणि १९४९ साली ते भारतात विलीन झाले.

या गावाच्या कारागिरांनी पुढे जो चाकू नावारूपास आणला, तो पितळी मुठीचा, लांब पात्याचा, खटक्याने उघडणारा. काहींना गरारी असे. उघडताना दात्यांवरून पाते सरकल्याचा करकर आवाज होई, आणि त्या आवाजासाठीच गिऱ्हाईक पैसे मोजी. हिंदी चित्रपटाने त्याला गुंडाच्या हाती दिले; १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारच्या तोंडी चाकूवरचे जे बोल आले ते पुढे घरोघर झाले. रामपूरच्या कारागिराचे त्यात काही भले झाले नाही. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशात लांब पात्यांवर बंधने आली, धंदा आटला. २०२३ साली त्या गावात चौकात सुमारे वीस फुटांचा पितळी-पोलादी चाकू उभारण्यात आला. कारखाने मिटल्यावर पुतळे उभारण्याची आपली रीत जुनीच आहे.

आता कायदा. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने देश निःशस्त्र केला. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे शस्त्रांत गणली गेली. घर, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी बनविलेली मात्र वगळली गेली. विळी सुटली, कोयता सुटला. पण दिल्लीत एवढ्याने भागले नाही. २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने दिल्ली प्रशासनाने कमानीचे, गरारीदार, बटणदार आणि अन्य यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू नियंत्रणाखाली आणले. मापे दिली ती अशी: पाते ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब, आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. 'बटणदार चाकू' हे दोन शब्द तेव्हापासून दिल्लीच्या फौजदारी कज्ज्यांत किती वेळा आले असतील याची गणती नाही. ही अधिसूचना वाचताना तिच्यासमोर कोणता चाकू ठेवलेला होता हे लगेच कळते. तो रामपुरी होता; शेफिल्डचा नव्हे.

म्हणून दिल्लीत पत्नीसाठी चाकू निवडताना पाते तीन इंचांहून स्पष्टपणे आखूड असावे आणि ते नखाने उघडणारे असावे. बटण, झटका, खटका यांतले काही नको. बाजारात विक्रेता अशीच वस्तू अभिमानाने दाखवितो. ती परत करावी.

एक नाजूक मुद्दा टाळता येत नाही. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर अनेक घरांत चाकूकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने स्त्रियांना स्वसंरक्षणासाठी चाकू वाटले. २०१७ साली दिल्ली मेट्रोत चार इंचांहून आखूड पात्याचा चाकू बाळगू देण्याचे सुरक्षादलाने ठरविले, तेव्हाही कारण स्त्रियांच्या सुरक्षिततेचेच सांगितले गेले. पतीच्या मनात ही भीती असणे स्वाभाविक आहे, आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. तथापि दोन हातांनी, नखाने उघडावयाचा चाकू अंगावर धावून येणाऱ्यापुढे निरुपयोगी असतो, आणि क्षणात उघडणारा चाकू हिसकावला गेला की तो त्याचा होतो. भीतीपोटी घेतलेला चाकू पिशवीत राहतो. पेरूसाठी घेतलेला रोज हाती येतो. शिवाय मेट्रोत नेण्यापूर्वी स्थानकावरची सध्याची यादी वाचावी, आणि विमानात तो हातातल्या सामानात कदापि ठेवू नये.

बाकीची निवड हाताची. पत्नीचे नख त्या खाचेत सहज बसते का, हे दुकानातच पाहावे, म्हणजे तिला सोबत न्यावे. अचानक भेट देण्याचा मोह येथे आवरलेला बरा. पाठीची पट्टी इतकी ताठ नसावी की नख तुटेल. पोलाद स्टेनलेसच असावे: लिंबू, चिंच, कैरी चिरणाऱ्या घरात साधे पोलाद काळे पडते आणि फळाला लोखंडाची चव येते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने १८८४ साली सुरू केलेल्या कारखान्याचे लाल चाकू सर्वत्र मिळतात. त्यांतला सर्वांत लहान मिटल्यावर अवघा ५८ मिलिमीटर भरतो. त्याची आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली तेव्हा त्याने मालाला तिचे नाव दिले. १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला गेला आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. घरातल्या स्त्रीच्या नावाचा चाकू घरातल्या स्त्रीला द्यावा, यात औचित्यही आहे.

उरला शकुनाचा प्रश्न. आपल्याकडे मीठ-मिरची हातात देत नाहीत, रिकामी कात्री वाजवीत नाहीत. भांडण होते म्हणतात. दुसरीकडे नवरदेवाच्या हाती कट्यार देऊन तिच्या टोकाला लिंबू खोचतात, ते पीडा टळावी म्हणून. इंग्रजांतही धारदार वस्तू भेट दिल्यास मैत्री तुटते असे मानतात, आणि त्यावर उपाय असा की घेणाऱ्याने एक नाणे द्यावे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. ज्येष्ठांचे मन राखावयाचे असेल तर चाकू मिटलेला, ताटलीत ठेवून पुढे करावा, सौभाग्यवतीकडून एक रुपया घ्यावा, आणि त्याच ताटलीत पहिला पेरू चिरून घ्यावा.