आजीच्या आईचं नाव कुठल्या कागदात सापडेल?

आज कर्जाच्या हप्त्याचं आणि व्याजाचं बोलणं बाजूला ठेवू. आज आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधायचा, ते बघू.

आधी एक प्रश्न. सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं, त्यांच्या बापाचं नाव विचारलं तर बहुतेक जणी सांगतील. आईच्या आईचं नावही सांगतील. पण त्या आजीच्या आईचं नाव काय? इथं आपण अडकतो. ती कुठल्या गावची, कुठल्या कुळातली, एवढं कुणीतरी सांगतं. नाव मात्र सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, नाव सापडून काय मिळणार? मणिबेलीसारख्या गावात पुष्कळ काही मिळतं. वनजमिनीचा दावा असो, मुलीच्या जातपडताळणीची फाईल असो किंवा धरणग्रस्ताची जमीन, प्रत्येक ठिकाणी साहेब एकच कागद मागतात, वंशावळ. वंशावळ लिहिणं सोपं आहे. ती जुन्या नोंदीला जोडून दाखवणं अवघड आहे.

जुनी नोंद शोधायची तर आधी ती कुठल्या नावाखाली ठेवली आहे ते कळायला हवं. आपण आज नंदुरबार जिल्हा म्हणतो, पण हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो. त्याच्याही आधी त्या जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश होतं. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यातला हा पश्चिमेकडचा. त्यामागं १८१८ पासून इंग्रजांचा एकच खानदेश जिल्हा होता. म्हणजे आपलं गाव डोंगरातून कुठं हललं नाही, पण त्याचं कागदावरचं घर तीन वेळा बदललं. १९४० सालचा कागद शोधायला गेलात आणि नुसतं नंदुरबार जिल्हा म्हणालात, तर कारकून नाही म्हणून सांगेल. त्याचंही चुकत नाही. पश्चिम खानदेश म्हणून विचारायला हवं.

मग त्या जुन्या कागदांत काय लिहिलेलं आहे? इंग्रज सरकारनं १८८० मध्ये खानदेशाचं गॅझेटियर छापलं. त्यात सातपुड्यातल्या मेवासी संस्थानांची माहिती आहे. काठी, नाला, सिंगपूर, चिखली, नवलपूर, गव्हाळी ही ती सहा संस्थानं. काठीची होळी आपण सगळ्यांनी ऐकलेली, पाहिलेली आहे. गॅझेटियरमध्ये भिल्लांच्या चालीरीती आहेत, डोंगर आणि जंगल आहे, संस्थानिकांची हकिकत आहे. पण पाड्यातल्या साध्या घराची वंशावळ त्यात शोधू नका. तिथं आपण सगळे मिळून फक्त भिल्ल आहोत.

याचं कारण समजून घ्या. सरकारी वहीत नाव लिहिलं जायचं ते वसुलीसाठी. ज्याच्याकडून शेतसारा घ्यायचा त्याचं नाव सारावहीत, ज्याला जंगलात लाकूड तोडताना धरलं त्याचं नाव दंडाच्या पावतीवर. सपाटीच्या गावात जमीन मोजली गेली, सात-बारा झाला, बाप वारला की मुलांची नावं फेरफारात चढली. तिथं घराण्याची साखळी तलाठ्याच्या दप्तरात आपोआप तयार झाली. नर्मदाकाठच्या डोंगरात अनेक पाड्यांची जमीन मोजलीच गेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर जंगल राहिली आणि कसणारा झाला अतिक्रमणदार. सात-बाराच नाही, तर वारसनोंद कुठून येणार?

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत आपल्या घराण्याचा इतिहास शोधण्याची लोकांना फार आवड आहे. तिथं १८६२ मध्ये होमस्टेड नावाचा कायदा झाला. पश्चिमेकडं जाऊन वस्ती करणाऱ्या कुटुंबाला १६० एकर, म्हणजे साधारण ६५ हेक्टर जमीन मिळायची. अट अशी, की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, शेती करायची आणि दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. त्या फायली सरकारनं जपून ठेवल्या. शिवाय १८५० पासूनच्या तिथल्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं आणि ७२ वर्षं झाली की त्या याद्या सगळ्यांना बघायला मिळतात. म्हणून आज तिथला नातू खापरपणजोबाचं शेत नकाशावर दाखवू शकतो.

पण त्याच याद्या दुसऱ्या बाजूनंही वाचा. १८५० आणि १८६० मध्ये गुलाम माणसांची यादी मालकाच्या नावाखाली केली. वय लिहिलं, बाई की पुरुष ते लिहिलं, नाव लिहिलं नाही. म्हणून त्यांच्या वारसांचा शोध बहुतेक वेळा १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबतो. विधवा आणि एकट्या बाईला होमस्टेडची जमीन स्वतःच्या नावावर मागता यायची, पण नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. आणि वाटली गेलेली ती जमीन तिथल्या मूळ आदिवासींची होती. म्हणजे कागद जगात कुठंही असो, तो सगळ्यांना सारखा ओळखत नाही.

आपल्याकडं जनगणना १८७२ पासून होते. पण घरोघर भरलेले तक्ते कुणाला बघायला मिळत नाहीत, कायद्यानं ते गुप्त असतात. छापतात ते आकडे. म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटेनं जावं लागतं.

आता धरणाकडे येते. महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवरात बाधित झाली. त्यातली ९ अक्कलकुवा तालुक्यातली आणि २४ अक्राणीतली. मणिबेली त्यात पहिलं. १९७९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादानं निवाडा दिला. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि विधवा आईसारखी अवलंबून असलेली माणसं, असं ठरलं. सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरलं. चौथाईपेक्षा जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची, असंही त्यात आहे. आता बघा, वंशावळीतल्या एका ओळीला किती किंमत आली. मुलगा सज्ञान आहे हे दाखवता आलं, तर त्याचं कुटुंब वेगळं. आणि त्या ओळीत सज्ञान मुलगी हा शब्दच नव्हता.

जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. ज्यांना कागद अतिक्रमणदार म्हणतो, ते पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारे लोक आहेत, हा मुद्दा त्या अहवालात आला. पुढं १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देणं थांबवावं म्हणून एक जाहीरनामा काढला. त्याचं नावच मणिबेली जाहीरनामा. गावाचं नाव जगभर पोचलं. पण त्या गावातल्या पणजीचं नाव शोधायला आज आपल्याला वणवण करावी लागते.

पाणी आलं तशी कुटुंबंही फुटली. काही जण गुजरातेत परवेटा वसाहतीत गेले, काही नंदुरबार जिल्ह्यातच सपाटीवर वसले, काही डोंगरावर वर सरकून राहिले. एका भावाचे कागद गुजरातीत, दुसऱ्याचे मराठीत. इकडं आडनाव वसावे, तिकडं वसावा. रक्त एकच, पण फाईल तपासणाऱ्याला ती दोन घराणी दिसतात. धरण सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं. जुनं शेत, घराचा ओटा आणि पुरलेल्या माणसांची जागा दाखवून, हे आमचं, असं म्हणण्याची सोयही पाण्याखाली गेली.

मग आपण काय करायचं? वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत असेल, त्यावर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम प्रत्येक गटानं वाचून घ्यावा. पुरावा म्हणून काय चालतं याची यादी त्यात आहे. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती चालते. घर, बांध, विहीर, देवस्थान, स्मशानभूमी या खुणा चालतात. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. आणि जुन्या नोंदीत असलेल्या गावच्या रहिवाशापर्यंत पोचणारी वंशावळही चालते. एकापेक्षा जास्त पुरावे मात्र हवेत. याचा अर्थ, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडची गोष्ट नीट लिहून घेतली तर ती कायद्यात पुरावा आहे.

शोध नेहमी आजपासून मागं न्यायचा. एकदम पणजोबाकडं उडी मारायची नाही. आधी स्वतःचे आणि मुलांचे दाखले. मग नवऱ्याचा आणि भावाबहिणींचा शाळेचा दाखला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात, गाव आणि जन्मतारीख असते. गावातलं कुणी शाळेत गेलंच नसेल, तर चुलत घराण्यातलं कुणी आश्रमशाळेत होतं का ते बघा. मग ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद. त्याआधीच्या काळासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. जमीन मोजलेली असेल तर गाव नमुना ६ म्हणजे फेरफार आणि ६-क म्हणजे वारसनोंद यांच्या नकला घ्या. घरात पत्र्याच्या पेटीत जंगलखात्याच्या दंडाची जुनी पावती असेल तर ती फेकू नका. ज्या पावतीनं आजोबाला गुन्हेगार ठरवलं, तीच आज सांगते की तो त्या साली त्या जागेवर होता.

जातपडताळणीसाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. तेव्हा आपलं घराणं कुठं राहत होतं, कुठल्या जमातीचं होतं, हे दाखवायचं असतं. त्याआधीची एखादी नोंद मिळाली तर ती सोन्यासारखी. जुन्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली होती. ज्यांची संख्या मोठी, त्यांनाही घराण्याचा पुरावा अशा वह्यांतूनच काढावा लागला.

तीन ठिकाणी सांभाळा. पहिलं, जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी कित्येकांची तारीख १ जून लिहिली आहे. त्यामुळं दोन सख्ख्या भावांत सहा महिन्यांचं अंतर दिसू शकतं. दुसरं, नाव. वारावरून ठेवलेली नावं एका पाड्यात दोन-तीन जणांची असतात, म्हणून नावापुढं बापाचं नाव आणि पाड्याचं नाव लिहा. तिसरं, जात. एका कागदावर भिल्ल, दुसऱ्यावर तडवी असं असेल तर दोन्ही कागद जपा. खाडाखोड करू नका. फरक कसा पडला ते वेगळ्या प्रतिज्ञापत्रात सांगता येतं.

आता बायकांकडे या. वनहक्काचा पट्टा लग्न झालेल्या जोडप्याच्या दोघांच्या नावानं द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं आहे. आपल्या पट्ट्यावर आपलं नाव आहे का, ते आज घरी जाऊन वाचा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर नावानंतर आईचं नाव लिहायचं, असा राज्य सरकारचा नियम आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी मुलीच्या वारसांना आजोबांच्या मालमत्तेत समान हिस्सा दिला. त्या वारसांची आई वंशावळीतून गळाली असती तर ते कुणाचे वारस म्हणून उभे राहिले असते? म्हणून वंशावळीत मुलाच्या शेजारी मुलगीही लिहा. सून लिहिताना तिचं माहेर, तिच्या आईचं नाव आणि लग्नात देज ठरवायला बसलेल्या पंचांची नावं लिहा. एका घराची साखळी तुटली तर दुसऱ्या गावातली साखळी ती जोडून देते.

आणि एक वही तर आपल्याकडं आधीच आहे. गटाचं इतिवृत्त. त्यात तारीख आहे, सही किंवा अंगठा आहे आणि प्रत्येक बाई स्वतःच्या नावानं आहे. कित्येक जणींचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये नाही, सात-बारावर नाही, पण गटाच्या वहीत आहे. भरलेल्या वह्या रद्दीत देऊ नका.

पुढच्या मासिक बैठकीचं काम असं. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करायची. तिच्या तोंडून चार पिढ्या लिहायच्या, बायकांच्या नावांसकट. कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, कुणी ऐकलं आणि तारीख, हे खाली लिहायचं, तिला वाचून दाखवायचं, मगच अंगठा घ्यायचा. एक प्रत तिच्या घरी, एक गटाच्या पेटीत ठेवायची. कागद पुढच्या महिन्यातही शोधता येतील. माणसाला आज विचारा. जोहार.