तळटीप १४ : फुगाझी
१४. फुगाझी : वॉशिंग्टन डी. सी.मधला पोस्ट-हार्डकोर बँड. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी, विल्सन सेंटरमध्ये. नाव व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या बोलीतून उचललेलं. अर्थ, पुरता विचका झालेली परिस्थिती (मूळ शब्द बराच शिवराळ आहे). इअन मकाय गिटार वाजवी आणि गाई, जो लॅली बासवर, ब्रेंडन कँटी ड्रम्सवर. गी पिचोटो मागाहून आला, तोही आधी नुसता गायक म्हणून; गिटार त्याने नंतर घेतली. वर उल्लेखलेला ‘उलटा टांगलेला पोरगा’ तोच. १९८८मध्ये फिलाडेल्फियातल्या एका व्यायामशाळेत तो बास्केटबॉलच्या कड्यातून डोकं खाली, पाय वर असा लोंबकळत गात होता. त्याचं चित्रीकरणही आहे. ‘पाच डॉलरवाले’ हा टोमणा तिकिटावरून : दर साधारण तेवढाच ठेवायचा आणि प्रवेशाला वयाची अट घालायची नाही, हा बँडचा शिरस्ता. लेखक ‘थर्टीन साँग्ज’ (१९८९) हा पहिला अल्बम धरतात, पण ते १९८८ व १९८९च्या दोन ईपींचं एकत्रीकरण. पहिला खरा अल्बम ‘रिपीटर’, १९९०.