बापापेक्षा मुलगा थोरला

चार्ली चॅन हा चिनी डिटेक्टिव्ह. पडद्यावर तो गाजवला मात्र स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडने आणि मग अमेरिकन सिडनी टोलरने. १९४२ नंतर फॉक्सने चॅनला सोडलं, तेव्हा टोलर त्याला घेऊन मोनोग्रामच्या दारी गेला. मोनोग्राम म्हणजे काटकसरीचं कुलदैवतच! तास-सव्वा तासात खून, तपास, खुनी, सगळं उरकायचं. आम्हा बँकवाल्यांना हे फार आवडतं. संध्याकाळी कॅश जुळल्यासारखं वाटतं. पुराव्याचा पत्ता नसतो, ती गोष्ट वेगळी.

१९४७ मध्ये टोलर वारला नि रोलंड विंटर्स चॅन झाला. १९४८ च्या ‘द फेदर्ड सर्पंट’मध्ये त्याचा मुलगा कोण? कीय ल्यूक. चीनमध्ये जन्मलेला, अस्सल चिनी, आणि ‘बापा’पेक्षा पाच महिन्यांनी थोरला!

ल्यूकला चॅन व्हायला मिळालं, नाही असं नाही. १९७२ मध्ये. कार्टूनमध्ये. नुसत्या आवाजापुरतं.