वॅगनची वाघीण

‘मालगाडीच्या वाघिणी रुळावरून घसरल्या’ अशा मथळ्याची बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली आहे. मोठ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र पट्टेरी जनावरं उभी राहतात. वर्गात हा शब्द निघाला की हमखास हशा पिकायचा आणि मग फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून दाखवावे लागत. वॅगन : व, ग, न. वाघीण : व, घ, ण. ‘ग’चा ‘घ’ झाला, ‘न’चा ‘ण’ झाला, आणि परका उच्चार ओळखीच्या शब्दात जाऊन बसला.

भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. कानावर अनोळखी शब्द पडला की जीभ त्याला जवळच्या एखाद्या शब्दाचा सदरा चढवते. ‘रिक्रूट’चा रंगरूट झाला तो असाच. त्यात ना रंग आहे ना रूट!

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ३४ किलोमीटर अंतर, १४ डबे आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिनं. तिच्याबरोबर मराठीत शब्दांचीही एक गाडी आली. काही शब्द आपण घरचेच वापरले : आगगाडी, सांधा, मालधक्का. काही बाहेरून घेतले पण घासूनपुसून, जसा ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट. वाघीण याच जातीची. ‘अग्निरथगमनागमनसूचक’ वगैरे लांबलचक शब्दांचे विनोद शाळाशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, पण मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्याला असल्या शब्दाचा काय उपयोग? त्याला मुकादमाने हाक मारली की लगेच कळेल असा शब्द हवा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीच्या दुधाची उपमा दिली, ती शिकलेल्यांत गाजली. इकडे न शिकलेल्यांनी इंग्रजी शब्दाचीच वाघीण करून टाकली, त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘वॅगन’ इंग्रजांचाही घरचा नव्हे. त्यांचा स्वतःचा शब्द होता ‘वेन’. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कॉन्स्टेबल या चित्रकाराचं १८२१ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे, ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. त्यात हा जुना शब्द शिल्लक आहे. ‘वॅगन’ त्यांनी घेतला डचांकडून, सोळाव्या शतकाच्या सुमारास. डच म्हणजे आपले वलंदेज, ज्यांची वखार वेंगुर्ल्याला होती. (वलंदेज हादेखील ‘हॉलंड’वरूनच घडलेला शब्द. आपली जीभ तेव्हाही स्वस्थ नव्हती.) डच आणि जर्मन भाषांत ‘वागेन’ म्हणजे गाडी. फोक्सवागेन म्हणजे लोकांची गाडी, आणि वाग्नर हे आडनाव गाड्या करणाऱ्याचं. पुढे इंग्लंडात खाणीतला कोळसा रुळांवरून नेणाऱ्या गाड्यांना वॅगन म्हणू लागले, आणि रेल्वे जगभर गेली तसा तो शब्दही गेला. फ्रेंचांनी घेतला, रशियनांनी घेतला, तुर्कांनी घेतला.

खरी गंमत याच्याही मागे आहे. वागेन, वेन, लॅटिनमधलं ‘वेहेरे’ (ज्यावरून इंग्रजीत ‘व्हेइकल’ आलं) आणि संस्कृत ‘वह्’ धातू ही सारी एकाच घरातली भावंडं आहेत. सर विल्यम जोन्सनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात या भाषांचं नातं मांडलं, आणि नंतरच्या पंडितांनी त्यातले ध्वनिबदलाचे नियम शोधून काढले. त्यांतल्या एका नियमाप्रमाणे जिथे संस्कृतात ‘ह’ दिसतो, तिथे जर्मनमध्ये ‘ग’ येतो. आपला हंस तिकडे ‘गान्स’ होतो. तसाच ‘वह्’चा ‘वाग’. म्हणजे वाहन, वाहक, ओझं वाहणं, देवाला फूल वाहणं, इतकंच काय विवाहसुद्धा, हे सगळे वॅगनचे नातेवाईक. पायातली वहाण मात्र यांतली नव्हे बरं का, ती ‘उपानह’पासून आली. आणि वाघही नव्हे, तो ‘व्याघ्र’वरून.

या सगळ्या भाषांची जी मूळ आई मानतात, तिच्यात या धातूच्या शेवटी ‘घ’सारखा ध्वनी होता असं पंडित सांगतात. संस्कृतने त्याचा ‘ह’ केला, जर्मन-डचांनी ‘ग’ केला. हजारो वर्षांनी तो ‘ग’ डच आणि इंग्रजी अशी वळणं घेत मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि मराठी तोंडात पुन्हा ‘घ’ झाला. योगायोगच हा, त्याला नियमबियम काही नाही. पण मला तरी तो फार आवडतो.

आता पेपरात ‘वॅगन’ जास्त दिसायला लागलंय. नव्या मुलांना ‘वाघीण’ गावंढळ वाटत असावी, किंवा चूकच वाटत असावी. इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला की तो शुद्ध, आणि आपल्या माणसांनी वापरून वापरून गुळगुळीत केला की तो अशुद्ध, हा न्याय मला काही पटत नाही. फलाट चालतो, मग वाघिणीनेच काय घोडं मारलंय?

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवलं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी पोचली : १० टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. ‘जलदूत’ असं त्या गाडीचं छान संस्कृत नाव ठेवलं होतं. त्या बातम्या वाचताना काही पेपरांत ‘वॅगन’ दिसायचं, काहींत ‘टँकर’, आणि काहींत मात्र ५० वाघिणी पाणी घेऊन लातूरला निघालेल्या असायच्या.