लॅमेटा: लाव्हाखाली दडलेले डायनोसॉरयुग

मध्य व पश्चिम भारतात दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या कडेने, त्याच्याखालून डोकावणारा गाळाच्या खडकांचा पातळ स्तरसमूह म्हणजे लॅमेटा. जबलपूरजवळील नर्मदेच्या लॅमेटा घाटावरून हे नाव पडले. क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीस नद्या, तळी आणि कोरड्या मातीच्या प्रदेशात हा गाळ साचला. पुढे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाने तो झाकून टाकला. भारतातील अखेरच्या डायनोसॉरचे अवशेष याच खडकांत सापडतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव ही महाराष्ट्रातील महत्त्वाची स्थळे. डोंगरगाव येथे १९८४ ते १९८६ दरम्यान मिळालेल्या सांगाड्याचे आजचे नाव 'आयसीसॉरस'. सांख्यिकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून ते आले, हा योगायोग गमतीचा खराच!

पिसदुऱ्याची कीर्ती मात्र हाडांपेक्षा अश्मीभूत विष्ठेमुळे अधिक झाली. शाकाहारी टायटॅनोसॉरची असावी, अशा या विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवतांची विविधता डायनोसॉर नामशेष झाल्यानंतरची, हा समज त्यामुळे मोडीत निघाला. यातील काही गवते तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारी निघाली.

संग्रहातील नमुना पुन्हा पाहिला की काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण गुजरातमधील ढोली डुंगरी येथील आहे. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी तेथील घरट्यातील अंडी व पिल्लाची हाडे १९८७ मध्ये नोंदविली. त्यातील काही हाडे पिल्लाची नसून सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाची आहेत, हे नंतर उमगले. अंड्याभोवती वेटोळे घातलेला हा साप २०१० मध्ये 'सनाजेह इंडिकस' या नावाने प्रसिद्ध झाला.

नमुने हरवतातही. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर येथे शेपटीचे मणके सापडले. भारतातील डायनोसॉरच्या हाडांचा हा पहिला शोध. रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांच्या आधारे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. पुढे मणक्यांचा ठावठिकाणाच लागेना. अखेर २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात त्यांपैकी एक मणका सापडला.