दुसऱ्या बाळाची चाहूल, पहिल्याचे बोट हाती

पहिल्या वेळी गोड बातमी येते तेव्हा सारे घर गर्भवतीभोवती फिरू लागते. जिना सावकाश चढ, वाकू नकोस, वेळेवर जेव, अशा सूचनांचा वर्षाव होतो. सातव्या महिन्यात थाटाने डोहाळजेवण होते आणि बाळंतपणासाठी माहेरची वाट धरली जाते. दीड-दोन वर्षांनी त्याच स्त्रीला पुन्हा दिवस राहतात तेव्हा चित्र पार पालटलेले असते. एका कडेवर मूल, दुसऱ्या खांद्याला पाळणाघराची पिशवी आणि डोळ्यांपुढे घड्याळाचे काटे. डोहाळजेवण बहुधा होत नाही. दुसरे बाळंतपण रिवाजाप्रमाणे सासरी, म्हणजे शहरात अनेकदा दोन खोल्यांच्या विभक्त घरातच होते. 'तिला काय सांगायचे, तिला सगळे ठाऊक आहे', असे म्हणून घरचेही निश्चिंत होतात.

नेमकी हीच निश्चिंती दुसऱ्या गर्भारपणात घातक ठरू शकते. अनुभव गाठीशी असतो हे खरे. पण पहिल्या बाळंतपणाने शरीराची गंगाजळी खर्च झालेली असते, रात्रीची झोप मोडलेली असते आणि विसाव्याचा वेळ चिमुकल्याने घेतलेला असतो. काळजीची गरज कमी झालेली नसते. ती घेणारे हात तेवढे कमी झालेले असतात.

अंतर किती असावे?

एका बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. येथे एक गल्लत नेहमी होते. हे अंतर दोन जन्मांमधले नसून, जन्म आणि पुढची गर्भधारणा यांमधले आहे. म्हणजे दोन भावंडांत सुमारे पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचे कमी वजन आणि आईचा रक्तक्षय यांचा धोका वाढतो.

अंतर कमी पडण्यामागे अनेकदा एक जुना समज असतो. 'मूल अंगावर पीत आहे तोवर दिवस राहत नाहीत', हे विधान तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच बऱ्याच अंशी खरे ठरते. बाळ सहा महिन्यांहून लहान असले पाहिजे, त्याला दिवसरात्र केवळ आईचेच दूध मिळत असले पाहिजे आणि आईची पाळी पुन्हा सुरू झालेली नसली पाहिजे. यांतील एक अट सुटली की भरवसा संपतो. शिवाय पहिली पाळी येण्याआधीच बीजनिर्मिती होत असल्याने पाळी न येताही गर्भ राहू शकतो.

अंतराचा प्रश्न थोरल्या मुलाच्याही प्रकृतीशी निगडित आहे. 'क्वाशिओरकोर' हे कुपोषणाच्या एका आजाराचे नाव डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये वैद्यकीय जगासमोर आणले. पश्चिम आफ्रिकेतील आजच्या घाना देशातील गा भाषेतला हा शब्द आहे. पाठचे भावंड आल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा आशय. आईचे दूध तुटते, त्या तोडीचा दुसरा आहार मिळत नाही आणि मूल खंगते, हे तेथील आयाबायांनी आपल्या भाषेत आधीच टिपून ठेवले होते.

अर्थात, अंतर कमी असताना दिवस राहिलेच तर घाबरून जाण्याचे कारण नाही. अशी अनेक गर्भारपणे सुखरूप पार पडतात. मात्र डॉक्टरांकडे पहिली फेरी लांबणीवर टाकू नये.

शरीर तेच, अनुभव निराळा

दुसऱ्या खेपेस पोटाचे स्नायू सैलावलेले असल्याने पोट लवकर दिसू लागते. बाळाची हालचाल पहिल्या वेळी साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते. या वेळी ती ओळखीची असल्याने दोनेक आठवडे आधीच कळते. पाठ आणि ओटीपोटाचे सांधे लवकर दुखू लागतात. शेवटच्या महिन्यांतील खोट्या कळाही अधिक जाणवतात.

प्रसूती बहुधा पहिल्यापेक्षा लवकर होते. जोर करण्याचा जो टप्पा पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत लागू शकतो, तो पुढच्या बाळंतपणात सामान्यतः दोन तासांच्या आत संपतो. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर 'मागच्या वेळी बराच वेळ लागला होता' या हिशेबावर थांबणे योग्य नाही. महानगरातल्या वाहतुकीचा विचार करता तर नाहीच. प्रसूतीनंतर बाळाला पाजताना पोटात येणाऱ्या कळाही या वेळी तीव्र असतात. गर्भाशय आकसून पूर्ववत होत असल्याची ती खूण असते.

मागचे कागद पुढे उपयोगी

पहिल्या बाळंतपणाची फाइल पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी. तिच्यातील काही नोंदींवर दुसऱ्या गर्भारपणाची दिशा ठरते.

रक्तगट ही त्यांतील पहिली. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पहिल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. त्यांचा फटका पहिल्या बाळाला सहसा बसत नाही. तो दुसऱ्याला बसतो. म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिले जाते. ते मागच्या वेळी घेतले होते का, हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. या गर्भारपणातही प्रतिपिंडांची चाचणी होते आणि ती तयार झालेली नसतील तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा इंजेक्शन देतात.

दुसरी नोंद सिझेरियनची. 'एकदा सिझेरियन म्हणजे पुन्हा सिझेरियन' हा सरसकट नियम नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल आणि अन्य गुंतागुंत नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी सुमारे ६० ते ८० स्त्रियांना त्यात यश येते. जुना व्रण उसवण्याचा धोका अशा वेळी साधारण एक टक्क्याहून कमी असतो. मात्र दोन प्रसूतींमध्ये दीड वर्षाहून कमी अंतर असल्यास तो वाढतो. तातडीच्या शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच हा प्रयत्न व्हावा. सोनोग्राफीत वार जुन्या व्रणावर तर नाही ना, हेही पाहून घ्यावे लागते.

मागच्या वेळी गर्भारपणात मधुमेह किंवा रक्तदाब झाला असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी लवकर सुरू करतात. धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी लशीबाबतही असेच. मागील गर्भारपणात दोन मात्रा घेतल्या असतील आणि त्याला तीन वर्षे उलटली नसतील, तर या वेळी एकच बूस्टर मात्रा पुरते.

ताटात काय उरते?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. पहिल्या प्रसूतीत गेलेले रक्त भरून येण्याआधीच दुसरे गर्भारपण सुरू झाले की ही तूट दुणावते. त्यातच लहान मूल असलेल्या घरात आईचे जेवण म्हणजे अनेकदा मुलाच्या ताटलीत उरलेला वरणभात. तोही उभ्याने.

पालेभाज्या, डाळी, उसळी, नाचणी, अंडी, चालत असल्यास मासे-मटण यांना रोजच्या जेवणात जागा हवी. वर लिंबू पिळल्यास लोह अंगी लागते. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो. सरकारी कार्यक्रमानुसार ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गर्भारपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस रोज दिली जाते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत.

या गोळ्यांबाबत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लोहाच्या रंगीत गोळ्या लहान मुलांना लिमलेटसारख्या वाटतात, आणि मोठ्यांसाठीच्या मूठभर गोळ्या पोटात गेल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्या उशाशी किंवा ओट्यावर न ठेवता उंच, बंद कपाटात ठेवाव्यात.

कडेवर घ्यावे की नाही?

रक्तस्राव, अकाली कळा अशी कोणतीही गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर मुलाला उचलण्यास सहसा हरकत नसते. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, मुलाला छातीजवळ धरावे, एकाच कडेवर फार वेळ घेऊ नये. दिवस भरत आले की मुलाला स्वतः पलंगावर वा खुर्चीवर चढायला शिकवावे आणि आईने बसल्या जागी कुशीत घ्यावे. कडेची सवय सुटली तरी कुशी सुटता कामा नये.

थोरले मूल पाळणाघरातून सर्दी, ताप, कांजिण्या असे संसर्ग घरी आणते. सायटोमेगालोसारखा, गर्भाला अपाय करू शकणारा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो. म्हणून लंगोट बदलल्यावर, नाक-तोंड पुसल्यावर साबणाने हात धुवावेत; मुलाचा उष्टा घास खाऊ नये. आईला कांजिण्या झालेल्या नसतील आणि घरात त्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

अंगावर पाजण्याचेही तसेच. गर्भवतीचे दूध थोरल्याला 'बाधते', या समजाला वैद्यकीय आधार नाही. गर्भारपण सुरळीत असल्यास पाजणे चालू ठेवता येते. मध्यावर दूध आपोआप कमी होते, चवही बदलते आणि बरीच मुले स्वतःहून सोडतात. पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल तर मात्र आधी सल्ला घ्यावा. धाकट्याच्या जन्मानंतर दोघांना पाजायचे असल्यास पहिल्या दिवसांतील चीक आधी धाकट्याला मिळावा.

थोरल्याचे मन

दोन वर्षांच्या मुलाला 'नऊ महिने' कळत नाहीत. त्याला फार आधी सांगण्यापेक्षा पोट दिसू लागल्यावर, 'गणपती गावाला गेले की बाळ येणार', अशा त्याला उमजणाऱ्या खुणांनी सांगावे. 'तुला खेळायला सवंगडी येणार', असे आश्वासन देणे टाळावे. येणारे बाळ अनेक महिने झोपण्या-रडण्यापलीकडे काही करत नाही आणि थोरल्याची फसगत होते.

शी-शूची सवय लावणे, पाळणाघरात घालणे, वेगळ्या अंथरुणावर निजवणे हे बदल प्रसूतीच्या तोंडावर करू नयेत. ते दोन-तीन महिने आधी उरकावेत किंवा नंतरवर ढकलावेत. बाळ आल्यावर सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जातो, अंथरूण ओले होते, हट्ट वाढतो. तो खोडसाळपणा नसतो. आपली जागा शाबूत आहे ना, याची ती चाचपणी असते. रागवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे फक्त थोरल्यासाठी राखून ठेवणे अधिक गुणकारी ठरते. रात्री निजवण्याचे, भरवण्याचे काम वडिलांनी गर्भारपणातच हाती घेतले, तर आई रुग्णालयात असताना मुलाला परके वाटत नाही.

आईचे मन, आईचा हक्क

'पहिल्यावर अन्याय तर करत नाही ना', ही टोचणी अनेक स्त्रियांना लागलेली असते. पहिली मुलगी असेल तर 'आता मुलगा हवा' हे दडपण वर येते. गर्भाचे लिंग ठरवण्यात स्त्रीचा वाटा नसतो आणि गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगण्याची जबाबदारी पतीची आहे. सलग दोन आठवडे उदास वाटणे, रडू येणे, कशातच रस नसणे ही थकव्याची नव्हे, नैराश्याची लक्षणे असू शकतात. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

नोकरदार स्त्रीला दुसऱ्या बाळासाठीही २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. २०१७ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही कायम ठेवण्यात आली आहे. हयात असलेली दोन मुले असल्यास ती १२ आठवड्यांची असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र मातेला ६,००० रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते.

हे आधीच ठरवा

- मध्यरात्री कळा सुरू झाल्यास थोरल्याजवळ कोण थांबणार? एक नाव पुरेसे नाही. शेजारचे दुसरे नावही हवे.
- तपासणीच्या दिवशी मूल कोणाकडे राहील? मुलाची सोय नाही म्हणून तपासणी चुकवू नये.
- दुपारचा अर्धा तास डाव्या कुशीवर विश्रांती. मूल झोपते तेव्हा कामे उरकण्याचा मोह टाळावा.
- रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास तडक रुग्णालय गाठावे. मूल जेवायचे, निजायचे आहे म्हणून थांबू नये.

दुसऱ्या खेपेची आई जाणती असते, म्हणून ती मदत मागत नाही. आणि ती मागत नाही, म्हणून घरचे देत नाहीत. हे चक्र तोडण्यास फार काही लागत नाही. तिला ताटावर बसवून थोरल्याला कोणीतरी खाली फिरवून आणले, एवढ्यापासूनही सुरुवात होऊ शकते.